तळ्यांतील मासे आणि बंदीचे दिवस



परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांत पूर्णा नदीवरचें येलदरी धरण १९६८ सालीं पुरें झालें आणि वाहत्या नदीचें विस्तीर्ण तळें बनलें. अशा तळ्यांत पावसाळ्यांत मासेमारी बंद असावी, असें जाणते म्हणतात. "मग त्या दिवसांत आम्हीं खावें काय?" असें भोई विचारतो. या वादाचा निवाडा करण्यापूर्वीं पाण्याखालचा संसार पाहिला पाहिजे.

तळें म्हणजे माशांचा वाडाच. वरच्या थरांत कटला चरतो, मधल्या थरांत रोहू आणि तळाशीं मृगळ. एकाचें अन्न दुसरा फारसें हिरावीत नाहीं. नदीला पूर आला म्हणजे यांची मादी कांठच्या उथळ पाण्यांत लक्षावधि अंडीं टाकून निघून जाते. साठलेल्या पाण्यांत ती सहसा अंडीं घालीत नाहीं. म्हणून या माशांचें बीज तळ्यांत बाहेरून आणून सोडावें लागतें. १९५७ सालीं हिरालाल चौधरी यांनीं माशांच्या मेंदूखालील ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना अंडीं घालावयास लावलें. त्यामुळें पुढें हें बीज मुबलक झालें.

मरळाची तऱ्हा निराळी. नर-मादी पाणगवतांत जागा साफ करून अंडीं घालतात आणि राखण करतात. पुढें पिलांचा तांबूस घोळका आईबापांच्या वर तरंगत असतो. शाळेंत असतांना मीं एकदां मुलांना तळ्यावर नेलें होतें. तो घोळका पाहून मुलें हरखलीं. एकजण म्हणाला, "गुरुजी, याच्या खालींच मोठा मासा असतो; माझे वडील तेथेंच गळ टाकतात." रखवालदार गेला कीं त्या पिलांना इतर मासे फस्त करतात, हें मीं त्याला सांगितलें नाहीं. त्याच्या घरची चूल त्याच गळावर पेटत होती.

तात्पर्य, एकच नियम सर्व माशांना लागू पडत नाहीं. सोडलेल्या बीजाला वाढूं द्यावयाचें, तर लहान मासा सुटून जाईल अशीं मोठ्या आसाचीं जाळीं हवींत. मरळाला मात्र विणीच्या दिवसांतली बंदीच तारील.

चीनमध्यें यांग्त्सी नदी आणि पोयांगसारखीं तिचीं मोठीं सरोवरें यांत १ जानेवारी २०२१ पासून दहा वर्षांची बंदी आहे. मासे खाऊन जगणारा तेथील शिंशुमार २०१७ सालीं १,०१२ होता, तो २०२२ सालीं १,२४९ भरला. परंतु दोन लाखांहून अधिक मासेमारांना होड्या सोडाव्या लागल्या आणि त्यांच्या निर्वाहाची तजवीज सरकारला करावी लागली.

आपल्याला दहा वर्षें नकोत. पावसाळ्याचे पहिले दोन महिने पुरेत. पण त्या दोन महिन्यांत भोयाच्या घरीं धान्य पोंचलें पाहिजे. तें न पोंचवितां घातलेली बंदी कागदावरच राहील, आणि गळ त्या तांबूस घोळक्याखालींच पडत राहील.