तासाभराचं रेकॉर्डिंग कागदावर आणायचंय? मशीनला काय द्यायचं, माणसाला काय?

मी कोल्हारमध्ये पेरू बागायतदारांच्या एका छोट्या गटाचं लिखापढीचं काम बघतो. बैठक फोनवर रेकॉर्ड होते, नंतर ती लिहून सगळ्यांना पाठवायची असते. ऑडिओ ऐकून लिहून काढण्याच्या या कामाला ट्रान्सक्रिप्शन म्हणतात. सरावलेल्या माणसालाही तासाभराच्या स्वच्छ ऑडिओला साधारण चार तास लागतात. चौघं एकदम बोलत असतील तर विचारूच नका. हंगामात एवढा वेळ काढणार कुठून? म्हणून हे काम बाहेर देणं परवडतं.

आता तुम्ही म्हणाल, ॲप आहेत की! आहेत. गुगलचं मराठी व्हॉइस टायपिंग २०१७ पासून आहे. ओपनएआयचं व्हिस्पर हे मॉडेल २०२२ मध्ये आलं, फुकट आहे आणि मराठीही लिहितं. पण ते ज्या ६ लाख ८० हजार तासांच्या ऑडिओवर शिकलं, त्यातला जवळपास दोन तृतीयांश इंग्रजी होता. मराठी ऑडिओ मुळातच कमी मिळतो. २०२० च्या एका अभ्यासात खेड्यातल्या आणि शहरातल्या कमी उत्पन्नाच्या लोकांकडून आणि विद्यार्थ्यांकडून फोनवर मराठी वाक्यं वाचून घेतली होती. ३६ जणांचे मिळून १०९ तास जमले. बरं, तेही वाचलेलं मराठी. आमच्या बैठकीत कुणी वाचून बोलत नाही हो!

खरी गोची आकड्यांची. आपण १७५ ला ‘पावणेदोनशे’ म्हणतो, १२५ ला ‘सव्वाशे’. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ घाईत बोलले की कानाला जवळपास सारखेच. आता कॅरेटमागे दहा रुपयांचा फरक पडला तर दोनशे कॅरेटला दोन हजारांचा घोळ! मशीन चुकलं तरी वाक्य अगदी झकास दिसतं, त्यामुळे नुसतं वाचून चूक सापडत नाही. ऐकावंच लागतं.

म्हणून माझी पद्धत सांगतो. पहिला कच्चा मसुदा मशीनकडून घ्यायचा. मग मराठी टायपिंग येणाऱ्या, आपल्या भागातली बोली कळणाऱ्या माणसाला ऑडिओसकट तपासायला द्यायचा. आकडे, नावं आणि तारखा त्याने ऐकूनच लावायच्या. जिथे शंका असेल तिथे ऑडिओतलं मिनिट लिहायचं. कॉलेजातली मुलं हे काम छान करतात.

दर ठरवताना एक गोष्ट आधीच स्पष्ट करा: पैसे ऑडिओच्या मिनिटाला की कामाच्या तासाला? बहुतेक ठिकाणी ऑडिओच्या मिनिटाला असतात. ‘अं’, ‘म्हणजे’ सकट शब्दन् शब्द हवा की फक्त मुद्दे, तेही सांगा, कारण त्यावर दर बदलतो. सगळं काम देण्याआधी सगळ्यात गोंगाटाची पाच मिनिटं काढून नमुना करून घ्या. स्वच्छ पाच मिनिटं कुणीही लिहितं.

आणि हो, रेकॉर्डिंग बाहेर जाणार हे बैठकीतल्या लोकांना आधी विचारा. कुणाची उधारी, कुणाचं कर्ज, सगळं त्यात असतं. तेवढा भाग कापूनच फाईल पाठवायची. फोन मात्र टेबलाच्या मधोमध ठेवा आणि पंखा बंद करा. तपासणाऱ्याचा निम्मा त्रास तिथेच वाचतो.