‘इन्क्लाइन’चे गणगोत

१८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली. सह्याद्रीतल्या त्या चढणीला रेल्वेच्या इंग्रज अभियंत्यांनी ‘भोर घाट इन्क्लाइन’ असे नाव दिले. तिचा सर्वांत अवघड चढ ३७ फुटांना १ फूट असा होता. ‘इन्क्लाइन’ म्हणजे उतार किंवा चढ. पण क्रियापद म्हणून तोच शब्द मनालाही लागतो. मन एखाद्या गोष्टीकडे झुकते, तेही ‘इन्क्लाइन’च.

आपला ‘कल’ नेमकी हीच दुहेरी चाकरी करतो. जमिनीला कल असतो, मुलाचा चित्रकलेकडे कल असतो आणि मतमोजणीच्या दिवशी सकाळपासून ‘कल’ हाती येऊ लागतात. अर्थ जुळला, ‘क’ आणि ‘ल’ हे ध्वनीही जुळले. तेव्हा हे दोन्ही शब्द एकाच कुळातले मानण्याचा मोह होतो.

तो आवरलेला बरा. शब्दांचे नाते कानाला काय वाटते यावर ठरत नाही. त्याला ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांची साक्ष लागते. ‘इन्क्लाइन’ हा फ्रेंचमार्गे आलेला लॅटिन शब्द. त्याच्या मुळाशी ‘टेकणे, कलणे’ या अर्थाचा भारोपीय धातू आहे. त्या धातूच्या आरंभीचा तालव्य ‘क’ ग्रीक-लॅटिनमध्ये ‘क’ राहिला, जर्मानिक भाषांत त्याचा ‘ह’ झाला आणि संस्कृतात ‘श’. पुढच्या ‘ल’चा संस्कृतात ‘र’ झाला. ऐकण्याच्या धातूचे उदाहरण पाहा: ग्रीक ‘क्लुतोस’, संस्कृत ‘श्रुत’ आणि जुन्या इंग्रजीतला ‘ह्लूड’, म्हणजे आजचा ‘लाउड’. तिन्ही सख्खी भावंडे. पण कानाला ओळख पटत नाही.

हाच नियम लावला की ‘इन्क्लाइन’चा संस्कृतातला भाऊबंद ‘श्रि’ धातू ठरतो. ‘आश्रय’ त्याचा, आणि आश्रयापासून घडलेला आपला ‘आसरा’ही त्याच घरचा. ‘कल’ मात्र केवळ ध्वनिसाम्याच्या जोरावर या गोतात बसत नाही.

बाकीचे गोतही मोठे आहे. जुन्या इंग्रजीतल्या ‘ह्लिनियन’चे ‘लीन’ झाले, म्हणजे टेकणे. भिंतीला टेकवायची ती ‘लॅडर’. संस्कृतात शिडीला ‘निःश्रयणी’ म्हणतात, तीही ‘श्रि’चीच लेक. ग्रीकांच्या शिडीचे नाव ‘क्लिमॅक्स’. आडवे होण्याचा पलंग ‘क्लिने’. रोग्याच्या खाटेपाशी जाणाऱ्या वैद्याच्या विद्येवरून ‘क्लिनिक’ आले. ‘क्लिमा’ म्हणजे उतार. विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना आकाशाचा कल बदलतो, म्हणून ग्रीक भूगोलज्ञांनी पृथ्वीचे पट्टे पाडले. त्यांच्या नावावरून पुढे हवामानाचे ‘क्लायमेट’ झाले.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. कललेली वस्तू एक तर घसरते, नाहीतर कशाला तरी टेकून उभी राहते. ‘इन्क्लाइन’ने उताराची बाजू धरली. संस्कृताने टेकण्याची धरली आणि ती माणसांच्या व्यवहारात आणली: राजाश्रय, आश्रित, निराश्रित. ‘निराश्रित’ म्हणजे मुळात ज्याला टेकायला काही उरले नाही असा माणूस. केवळ ध्वनिसाम्यावर समाधान मानले असते, तर ‘कल’पाशीच थांबलो असतो आणि हा शब्द इथे भेटलाच नसता.