नाकाबंदी, झडती आणि आपण: लांबच्या प्रवासात अमली पदार्थांची तपासणी लागली तर

आजचा विषय ऐकायला साधा आहे, पण ज्याच्यावर वेळ येते त्याला तो साधा राहत नाही.

चार मित्र पुण्याहून गाडी काढून गोव्याला जातात. कोणी त्याहून लांब, थेट कुल्लू-मनालीला जातात. परतताना राज्याच्या हद्दीजवळ नाकाबंदी लागते. बॅरिकेड, टॉर्चचा उजेड, गाडी बाजूला घ्यायचा इशारा. आधी लायसन्स मागतात. मग 'डिकी उघडा'. मग 'बॅगा खाली काढा'. आणि कधी कधी 'खिसे दाखवा'. आपल्याला हे सगळं एकच काम वाटतं. कायद्याच्या नजरेत मात्र ही चार वेगवेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाचा नियम वेगळा आहे. हा फरक कळला की पुढचं बरंच काही कळतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. पोलिसांना चुकवायचं कसं, हे आपल्याला इथे शिकायचं नाही. अमली पदार्थांचा व्यापार मोडून काढणं हे पोलिसांचं कामच आहे. प्रश्न असा आहे की ज्याच्याकडे काहीच नाही, किंवा दुसऱ्याने ठेवलेलं त्याला माहीत नाही, अशा माणसाला कायद्याने काय दिलं आहे.

कायदा एवढा कडक का वाटतो?

या कायद्याचं सरकारी मराठी नाव लांबलचक आहे, म्हणून आपण त्याला एनडीपीएस म्हणू. तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला. त्यात शिक्षा ठरते ती मुख्यतः वजनावर. गांजा १ किलोपर्यंत असेल तर ते 'अल्प प्रमाण', २० किलोपेक्षा जास्त म्हणजे 'व्यापारी प्रमाण'. चरसासाठी हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो. हेरॉइनसाठी ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षं, आणि ती वीसपर्यंत जाऊ शकतात. शिवाय पदार्थात भेसळ असली तरी सबंध मिश्रणाचं वजन धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात सांगितलं आहे.

खरी मेख मात्र वजनात नाही, पुराव्याच्या नियमात आहे. आपण नेहमी म्हणतो की गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष. एनडीपीएसच्या कलम ३५ आणि ५४ मध्ये गणित जवळजवळ उलटं होतं. वस्तू तुमच्या ताब्यात सापडली हे सरकारने दाखवलं, की ती तुम्ही जाणूनबुजून ठेवली असं न्यायालय गृहीत धरतं. 'मला माहीत नव्हतं' हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. आणि व्यापारी प्रमाणाचा आरोप असेल तर कलम ३७ मुळे जामीन सहजी मिळत नाही. हा माणूस दोषी नसावा आणि बाहेर आल्यावर तो गुन्हा करणार नाही, असं मानायला सबळ कारण आहे, याची न्यायालयाला खात्री पटावी लागते. म्हणजे शेवटी सुटला तरी माणूस त्याआधी बराच काळ आत राहू शकतो. म्हणूनच रस्त्यावरच्या त्या अर्ध्या तासात काय घडलं आणि कागदावर काय उतरलं, याला एवढं महत्त्व.

अमेरिकेत काय झालं?

तुलनेसाठी अमेरिकेचं एक उदाहरण पाहू. आपल्यापैकी अनेकांची मुलं तिथे आहेत, लांबलांबच्या ड्राइव्हला जातात, म्हणून ते उपयोगीही आहे. इंडियानापोलिस शहरात १९९८ मध्ये पोलिसांनी अमली पदार्थ शोधण्यासाठीच सहा नाकाबंद्या लावल्या. गाड्या थांबवायच्या आणि कुत्रा फिरवायचा. ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात १,१६१ गाड्या थांबवल्या. अटका झाल्या १०४, त्यातल्या ५५ अमली पदार्थांच्या. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. दारू पिऊन चालवणारे रोखायला नाका चालेल, कारण धोका रस्त्यावरचाच आहे. पण सर्वसाधारण गुन्हे शोधायला सरसकट सगळ्यांना थांबवता येणार नाही, असा तो निकाल. पुढे २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की वाहतूक नियमासाठी थांबवलेली गाडी, वेगळा संशय नसताना, केवळ कुत्रा येईपर्यंत अडवून ठेवता येणार नाही.

हे आपल्याकडे लागू होतं का? नाही. अमेरिकेच्या घटनेत अवाजवी झडतीविरुद्ध थेट तरतूद आहे, तशी आपल्या घटनेत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात नोंदवलं. १९७३ च्या पूरनमल निकालानुसार, झडती बेकायदा होती एवढ्याच कारणाने त्यात सापडलेला पुरावा बाद होत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे २०१७ मध्ये मान्य झालं, पण रस्त्यावरच्या झडतीत आपल्या हाती जे ठोस नियम आहेत ते मुख्यतः एनडीपीएस कायद्यातच लिहिलेले आहेत. म्हणून त्यांना 'तांत्रिक मुद्दे' म्हणून उडवून लावू नका. जिथे गृहीतक आपल्या विरुद्ध आहे, तिथे हे टप्पे हेच आपलं संरक्षण आहे.

आता एकेक टप्पा

पहिला टप्पा, थांबवणं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नुसार गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर चालकाने लायसन्स दाखवलंच पाहिजे. डिजिलॉकरमधलं चालतं. इथे वाद घालण्यात काही अर्थ नाही. गाडी बाजूला घ्या, आतला दिवा लावा, हात दिसतील असे ठेवा, नीट बोला.

दुसरा टप्पा, गाडीची झडती. एनडीपीएसखाली गाडी थांबवून तपासायला कलम ४९ प्रमाणे संशयाला काही कारण लागतं, आणि हा अधिकार कलम ४२ खाली अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला असतो. तो शिपायापेक्षा वरच्या दर्जाचा असावा लागतो. आधी खबर मिळाली असेल तर ती लिहून काढायची आणि ७२ तासांत वरिष्ठांना प्रत पाठवायची. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर त्याची कारणंही नोंदवायची. एसटी, बस अशा सार्वजनिक वाहनाला कलम ४३ लागतं आणि तिथे या अटी नाहीत. खासगी गाडी मात्र सार्वजनिक रस्त्यावर उभी असली म्हणून सार्वजनिक वाहन होत नाही. २०२१ च्या बूटा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर आरोपींना सोडलं. त्यांची जीप खासगी होती आणि कलम ४२ पाळलं गेलं नव्हतं.

पण एक लक्षात घ्या. नेहमीच्या तपासणीत अचानक काही सापडलं, तर आधीच्या नोंदी नव्हत्या म्हणून सगळं रद्द होत नाही. १९९४ च्या बलबीर सिंग निकालाप्रमाणे, वस्तू सापडल्या क्षणापासून पुढे एनडीपीएसचे नियम पाळावे लागतात.

तिसरा टप्पा अंगझडती. इथे कलम ५० येतं. अंगझडती घेण्याआधी अधिकाऱ्याने सांगितलं पाहिजे की 'तुमची झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर व्हावी, असा हक्क तुम्हाला आहे'. नुसतं 'झडती घेऊ का?' विचारणं पुरेसं नाही. हे सांगणं सक्तीचं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ मध्ये बलदेव सिंग खटल्यात आणि पुन्हा २०१० मध्ये विजयसिंह जडेजा खटल्यात सांगितलं. ते पाळलं नाही, तर अंगावर सापडलेली वस्तू ताब्याचा पुरावा म्हणून वापरता येत नाही. चौघांना एकत्र उभं करून एकदाच सांगितलं, तेही चालत नाही. प्रत्येकाला वेगळं सांगायचं, हे २०१४ च्या परमानंद निकालात आहे. 'नाहीतर मीच घेतो झडती' असा तिसरा पर्याय कायद्यात नाही, हेही त्याच निकालात आहे. मात्र तिथे नेईपर्यंत माल नाहीसा होईल असं मानायला कारण असेल, तर अधिकारी ते कारण लिहून झडती घेऊ शकतो. आणि स्त्रीची अंगझडती फक्त स्त्रीच घेईल. याला अपवाद नाही.

चौथा टप्पा बॅगेचा, आणि बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो. लोक कलम ५० ऐकतात आणि समजतात की बॅगेलाही ते लागतं. तसं नाही. २००५ मध्ये हिमाचलच्या पवनकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की पिशवी, सूटकेस म्हणजे माणसाचं अंग नव्हे. २०२३ मध्ये तेच पुन्हा सांगितलं. आता विचार करा, प्रवासात नाक्यावर सगळ्यात जास्त काय तपासलं जातं? डिकी आणि बॅगा. म्हणजे जो हक्क आपल्याला ठाऊक असतो, तो नेमका तिथे उपयोगी पडत नाही. तिथे उपयोगी पडतं ते एकच: आपल्या गाडीत काय आहे हे निघण्याआधी माहीत असणं.

एका गाडीतले चौघे

'बॅग त्याची होती, मी फक्त सोबत होतो' हे नेहमीचं उत्तर. २००३ च्या मदनलाल खटल्यात गाडीत चरस सापडलं. गाडी सार्वजनिक नव्हती आणि आतले लोक एकमेकांना ओळखणारे होते. ते एकत्र का निघाले, याचा खुलासा त्यांनी दिला नाही, हे न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध धरलं. बसमधल्या अनोळखी सहप्रवाशाची गोष्ट वेगळी, मित्राच्या गाडीतली वेगळी. 'हे पार्सल तेवढं पुण्याला पोचव रे' म्हणून कोणी दिलं, तर त्याच्यासमोर उघडून बघा. मैत्रीत असं विचारायला अवघड वाटतं खरं, पण पुढे तुरुंगाच्या भेटीच्या खिडकीपाशी विचारण्यापेक्षा ते बरं. गाडी कोणाला वापरायला देतानाही हाच विचार करा. मालकाने माहिती असून ती वापरू दिली तर कलम २५ खाली तोही आरोपी होतो. आणि माहिती नव्हती, योग्य काळजी घेतली होती, हे दाखवता आलं नाही तर कलम ६० खाली गाडी जप्त होऊ शकते.

औषधांचंही तसंच. झोपेच्या, चिंतेच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ अल्प्राझोलम, आणि वेदनाशामक ट्रामाडोल या कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० मात्रांपर्यंत जवळ ठेवता येतात. दीर्घ उपचार असेल आणि डॉक्टरांनी तसं खास लिहून दिलं असेल तर ३०० पर्यंत. आईवडिलांना घेऊन निघालात तर गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, चिठ्ठी सोबत ठेवा.

काही सापडलं, किंवा सापडलं असं म्हणाले तर?

ओढाताण करू नका, पळू नका. शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारा: झडती कोणत्या कायद्याखाली, अधिकारी कोण, पंच कोण? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं असतं. ते होतंय का, हे नम्रपणे विचारा. पंचनामा वाचल्याशिवाय सही नको, कोऱ्या कागदावर तर नकोच. जप्तीच्या यादीची प्रत मागा. जागच्या किटने केलेली रंगाची चाचणी प्राथमिक असते, खरा अहवाल प्रयोगशाळेचा. नमुने कलम ५२अ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यासमोर काढायचे असतात, हे २०१६ च्या मोहनलाल निकालाने पक्कं केलं. अटक झाली तर कारण सांगणं, वकिलाला भेटू देणं आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं, हा घटनेच्या कलम २२ चा हक्क आहे. आणि त्या अधिकाऱ्यांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही, असं २०२० च्या तूफान सिंग निकालात आहे. तेव्हा घाबरून 'हो, माझंच आहे' म्हणू नका. वकील येईपर्यंत गप्प राहणं हा गुन्हा नाही.

विनाकारण, त्रास द्यायला झडती घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही कलम ५८ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैदेची किंवा दंडाची शिक्षा आहे. मात्र त्याची तक्रार नाक्यावर भांडून करायची नसते. तारीख, वेळ, ठिकाण, छातीवरच्या पट्टीवरचं नाव टिपून ठेवा आणि नंतर लेखी करा.

एक प्रश्न हमखास येतो. 'हे सगळे नियम पाळले तर खरे गुन्हेगार सुटतील ना?' आम्ही म्हणतो, उलट आहे. बूटा सिंगसारखे खटले आरोपींच्या चलाखीने पडले नाहीत, कागद न झाल्याने पडले. जो अधिकारी वेळेवर नोंद करतो, हक्क सांगतो, नमुना नीट काढतो, त्याचा खटला टिकतो आणि निरपराध माणूसही वाचतो. नाक्यावर उभ्या असलेल्या प्रामाणिक पोलिसाचं आणि गाडीत बसलेल्या प्रामाणिक प्रवाशाचं हित इथे एकच आहे. तेव्हा पुढच्या वेळी निघताना टायरची हवा बघाल, तशा डिकीतल्या बॅगाही एकदा बघा. आजच्यापुरतं इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.