शेवटचा मार कुणाला?

जालन्यात सळईच्या कारखान्यांतली पाळी सुटली की आम्हा सिनेमावेड्यांची मोबाईलवर कोडी सुरू होतात. परवाचे कोडे असे : ‘सिनेमा मराठी, नाव मराठी नाही. शेवटचा मार प्रेक्षकाला. ओळखा!’

दोन दिवस आम्ही मारामारीचेच सिनेमे धुंडाळले. उत्तर दिले ते आमच्यातल्या एकाच्या सातवीतल्या मुलीने : नागराज मंजुळे यांचा २०१३ चा ‘फँड्री’. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. तोच शब्द वापरून गावातली पोरे जब्याला चिडवतात. घरचे डुक्कर वाहून नेतात, तेव्हा मागच्या भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाई दिसतात. शेवटी जब्याचा दगड थेट आपल्याच अंगावर येतो.

‘तुला कुणी चिडवतं का गं शाळेत?’ बापाने विचारले. पोरगी गप्प.

त्या रात्री पुढचे कोडे कुणी टाकले नाही.