रुग्णासाठी वाकळ

सांगली व मिरज या दोन शहरांच्या मध्यावर विश्रामबाग आहे. १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय, पुढे उभे राहिलेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, रेल्वेचे एक लहानसे स्थानक आणि लगतची वॉनलेसवाडी, अशी या भागाची ओळख सांगता येईल. येथून रोज जाणाऱ्या बसगाड्यांत काही प्रवासी पाहताक्षणी ओळखू येतात. कोणी जत-कवठेमहांकाळकडून मिरजेवरून सांगलीच्या सरकारी रुग्णालयात निघालेले असतात, तर कोणी आटपाडी-तासगावकडून सांगलीवरून मिरजेस. त्यांच्यापाशी एक बोचके असते, आणि त्या बोचक्यात भाकरीच्या फडक्याखाली घडी घातलेली वाकळ असते.

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले. १९६२ साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. अशा रीतीने शंभर वर्षांहून अधिक काळ हा टापू खेड्यापाड्यांतील दुखणाइतांचे माहेरघर झालेला आहे. परंतु बोचक्यातून आलेली ती वाकळ रुग्णाच्या अंगावर क्वचितच पडते. पलंगावर रुग्णालयाची चादर व ब्लँकेट असते, आणि घरची वाकळ सोबतच्या माणसाखाली, व्हरांड्यातील फरशीवर अंथरली जाते. हे योग्यही आहे. कारण घरात वर्षानुवर्षे वापरलेली, उन्हात टाकलेली पण क्वचितच आतपर्यंत धुतलेली वाकळ शस्त्रक्रिया झालेल्या माणसाजवळ आणू देणे कोणत्याही परिचारिकेस परवडणारे नाही. तरी यात रुग्णाचे काहीतरी हरवतेच. विशेषतः सात-आठ वर्षांचे मूल, ज्याने आजवर आजीच्या कुशीत एकाच पांघरुणाखाली झोप घेतली, त्याला औषधाच्या वासाची परकी चादर मिळाली की रात्र फार मोठी वाटू लागते.

रुग्णासाठी मुद्दाम वाकळ शिवून देण्याच्या कार्याचे मूळ येथे आहे. हे काम प्राथमिक शाळेस कार्यानुभवाच्या तासात, गावातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या साहाय्याने सहज करता येते. मात्र ते करताना एक भेद प्रथमच ध्यानी घेतला पाहिजे. घरची वाकळ ही उरलेल्या कापडाची असते. रुग्णाची वाकळ उरलेल्या कापडाची असून चालत नाही. ‘घरात पडून होते ते दिले’ या भावनेने शिवलेली वाकळ बहुधा रुग्णालयाच्या दारातूनच परत येते, किंवा कोपऱ्यात पडून राहते.

गोधडीस सातारा, सांगली व कोल्हापूर या भागांत वाकळ म्हणतात. संस्कृतातील कंथा, बंगालचे कांथा, बिहारची सुजनी ही सारी तिचीच भावंडे. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रियाही अशीच गोधडी शिवतात. तिच्या चार कोपऱ्यांवर घड्यांची छोटी ‘फुले’ बसविल्याखेरीज ती त्यांना उघडीबोडकी वाटते. सर्व ठिकाणी तत्त्व एकच आहे. जुन्या मऊ सुती कापडाचे पदर एकावर एक ठेवावयाचे व साध्या धावदोऱ्याने ते एकमेकांस बांधून टाकावयाचे. ऊब कापडाची नसून पदरांमध्ये अडकून स्थिर राहिलेल्या हवेची असते. स्थिर हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. धावदोरा पदर सरकू देत नाही, आणि टाक्यांच्या ओळींमधील फुगीर भागात हवा धरली जाते. विज्ञानाच्या तासास उष्णतेचे वहन शिकविताना याहून जवळचे उदाहरण सापडणार नाही.

आता मापाविषयी. रुग्णालयातील पलंग सुमारे ९० सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर १२० सेंटिमीटर रुंद व २ मीटर लांब वाकळ पुरेशी होते. अधिक रुंद केल्यास ती जमिनीवर लोळते व येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांत येते. नऊवारी लुगडे आठ मीटरांहून थोडे अधिक लांब व साधारण १२० सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे एका लुगड्याचे बरोबर चार पदर निघतात, जणू लुगडे विणणाऱ्याने वाकळीचाच हिशोब मनात धरला असावा! रुग्णाच्या वाकळीस चार पदर पुरेत: वरचा तुकड्यांचा, मधले दोन लुगड्याचे, आणि खालचा पांढऱ्या मांजरपाटाचा. अशा रीतीने एका लुगड्यात दोन वाकळींचे पोट भरते. तिचे वजन सुमारे एक किलो होते. घरची आठ-दहा पदरी वाकळ याच्या दुप्पट-तिप्पट जड असते. निरोगी माणसास ते वजन सुखाचे वाटते. पोटावर टाके असलेल्यास नव्हे. शिवाय जड वाकळ लवकर वाळत नाही, आणि जी वाळत नाही ती कोणी धूत नाही.

मांजरपाट पांढराच घेण्याचे कारण असे की, त्यावर रक्ताचा वा पुवाचा डाग, ढेकूण, काहीही असले तरी तत्काळ दिसते. इचलकरंजी व विटा येथे यंत्रमाग असल्याने असे कापड या भागात दुर्मीळ नाही. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते. म्हणून ते शिवण्यापूर्वीच धुऊन घ्यावे, नाहीतर पुढे सारी वाकळ चुण्यांनी आखडते. कापड सर्वत्र सुतीच असावे. आजकाल घरोघरी पॉलिएस्टरच्या साड्या अधिक, आणि सुती लुगडी थोरल्या बायकांच्या पेटीतच उरलेली आहेत. परंतु पॉलिएस्टर घाम शोषत नाही व विस्तवाजवळ वितळून अंगास चिकटते. तेव्हा कापड कमी मिळाले तर वाकळी कमी कराव्यात, पण भेसळ करू नये. जर, टिकल्या, आरसे, बटणे यांचाही मोह टाळावा. लाल व निळा रंग जातो की नाही, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे.

वरच्या पदराची योजना वर्गास सोयीची करता येते. २० सेंटिमीटरच्या चौकटी धरल्यास रुंदीत सहा व लांबीत दहा, अशा साठ चौकटी बसतात. तीस मुलांच्या वर्गास प्रत्येकी दोन. शिवणीसाठी सर्व बाजूंनी एक सेंटिमीटर सोडावयाचा असल्याने तुकडा २२ सेंटिमीटरचा कापावा लागतो, आणि हा दोन सेंटिमीटरांचा फरक का पडतो हे फळ्यावर समजावून घेण्यापेक्षा एक तुकडा चुकल्यावर मुलांना अधिक पक्के समजते. पुढचे धावदोऱ्याचे काम वाकळ शिवण्यात मुरलेल्या हातांनी करावे. ते काठापासून सुरू करून चौकोनात चौकोन घेत मध्याकडे जाते. दोन ओळींत चार सेंटिमीटर अंतर ठेवल्यास अशा पंधरा फेऱ्या होतात. पहिली फेरी ६४० सेंटिमीटर व पुढील प्रत्येक ३२ सेंटिमीटरांनी कमी. वरच्या वर्गातील मुलांना बेरीज करू दिल्यास ६२ मीटर ४० सेंटिमीटर हे उत्तर मिळेल. एक सेंटिमीटर वर व एक खाली असा टाका धरला तर एका वाकळीत तीन हजारांवर टाके पडतात. आजीच्या वाकळीकडे मुले त्यानंतर निराळ्या दृष्टीने पाहू लागतात.

शिवणकाम मुलींचेच, ही समजूत आपल्याकडे शिंप्यांचे हात रोज पाहूनही कशी टिकून राहिली हे एक कोडेच आहे. क्रिमियाच्या युद्धात इंकरमनच्या लढाईत डोक्यास जखम झालेल्या टॉमस वॉकर नावाच्या शिपायाचे १८५६ सालचे एक चित्र लंडनमध्ये जतन केलेले आहे. त्यात तो रुग्णालयातील पलंगावर बसून रंगीत तुकड्यांची गोधडी शिवीत आहे. त्या काळी बऱ्या होत असलेल्या सैनिकांना हे काम देत असत; हात गुंतले की मन वेदनेकडून दूर जाते.

एक सावधगिरी मात्र कधीही ढिली करू नये. सुया मोजून द्याव्यात व मोजून घ्याव्यात. वाकळ पूर्ण झाल्यावर विज्ञानपेटीतील चुंबक तिच्या दोन्ही बाजूंवरून फिरवावा. मोडक्या सुईचे टोक पदरांत राहिले तर साऱ्या वर्गाच्या श्रमांतून रुग्णास इजाच पोहोचेल.

शिवून झालेली वाकळ साबणाच्या चांगल्या कढत पाण्यात, ६० अंशांहून अधिक तापमानात, अर्धा तास भिजवून धुवावी, कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवावी व स्वच्छ पिशवीत बंद करावी. खरुजेचा किडा माणसाच्या अंगावाचून सामान्यतः दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. उवा व ढेकूण यांना कढत पाणी मारते. याच संदर्भात गावातील एका जुन्या भीतीचा विचार शिक्षकाने अवश्य करावा. वॉनलेसवाडीस पूर्वी क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते. क्षयावर औषध नसण्याच्या त्या काळात अशा आरोग्यधामांतील रुग्ण मोकळ्या हवेसाठी महिनेन्‌महिने व्हरांड्यांत निजत, आणि पांघरूण हे तेथे औषधाइतकेच आवश्यक असे. पुढे स्ट्रेप्टोमायसिन व इतर औषधे आली. मद्रास येथे १९५६ साली सुरू झालेल्या केंद्रातील अभ्यासाने १९५९ साली दाखवून दिले की, घरी राहून नियमित औषध घेणारा रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो, आणि घरातील माणसांना त्यामुळे अधिक धोका पोहोचत नाही. क्षय पसरतो तो खोकल्यातून हवेत उडालेल्या सूक्ष्म कणांवाटे, अंथरूण-पांघरुणातून नव्हे. तरी अजून कित्येक घरी रुग्णाची वाकळ जाळली जाते आणि बऱ्या झालेल्या माणसाची ताटवाटी वेगळी राहते. ज्या शाळेत रुग्णासाठी वाकळ शिवली जाते, तेथे हा विषय मुलांच्या कानी आपोआप येतो. मुले तो घरी नेतात. भिंतीवरील पत्रकापेक्षा तो तेथे लवकर पोहोचतो.

परक्याने शिवलेल्या पांघरुणाने रुग्णास धीर का वाटावा, असा प्रश्न येईल. घरच्या वाकळीत आजीचे लुगडे, बापाचा सदरा ओळखता येतो. ही तर अनोळखी कापडाची. याचे उत्तर १९४२ सालच्या एका घटनेत मिळते. सिंगापूर जपानच्या हाती पडल्यावर तेथील युरोपीय स्त्रिया व मुले चांगीच्या तुरुंगात डांबली गेली. पुरुष वेगळे ठेवलेले, एकमेकांची वार्ता कळण्यास मार्ग नाही. एथेल मुलव्हानी या कॅनडाच्या बाईंनी प्रत्येक स्त्रीस सहा इंचांचा पांढरा तुकडा दिला व त्यावर स्वतःविषयी काहीतरी भरतकामात काढून नाव घालण्यास सांगितले. सहासष्ट तुकड्यांची एक, अशा तीन गोधड्या झाल्या: एक जखमी ब्रिटिश सैनिकांसाठी, एक ऑस्ट्रेलियनांसाठी आणि एक, पहारा देणाऱ्यांच्याच देशाच्या, जपानी जखमींसाठी. या तिसरीमुळे बाकीच्या दोघींना रुग्णालयापर्यंत जाण्याची वाट मिळाली. तेथे त्यांवरील नावे वाचून कित्येकांना आपली पत्नी जिवंत आहे हे कळले. या गोधड्या आज लंडन व कॅनबेरा येथील संग्रहालयांत आहेत. ऑस्ट्रेलियन गोधडीच्या पाठीवर त्या स्त्रियांनी सहानुभूतीचा मजकूर घातला आहे आणि शेवटी ती कशी धुवावी याचीही सूचना दिली आहे. तुरुंगात बसून धुण्याची चिंता करणाऱ्या त्या बायका कोणत्याही देशाच्या असोत, सातारा-सांगलीच्या आयाबायांना त्या ओळखीच्याच वाटतील.

धीर मिळतो तो आपल्यासाठी कोणी वेळ घालविला या जाणिवेतून. १९९५ साली अमेरिकेत ‘प्रोजेक्ट लायनस’ ही आजारी मुलांना हाताने केलेली पांघरुणे देणारी चळवळ सुरू झाली. तेथेही पांघरूण मुलाचे स्वतःचे होते व त्याच्याबरोबर घरी जाते. हा नियम आपल्याकडेही पाळावा. वाकळ वॉर्डास देऊ नये, माणसास द्यावी. वॉर्डास दिलेली वाकळ रुग्णालयाच्या धुलाईत दोन महिन्यांत फाटते, आणि कोणाचीच राहत नाही.

म्हणून शिवण्यापूर्वीच मुख्याध्यापकांनी रुग्णालयाच्या अधिसेविकेस पत्र लिहून कोणत्या वॉर्डास, किती व कोणत्या मापाच्या वाकळी चालतील हे विचारून घ्यावे. भाजलेल्या व उघड्या जखमांच्या रुग्णांना आणि अतिदक्षता विभागात त्या चालत नाहीत. वर्षाच्या आतील मुलास झोपेत सैल, जाड पांघरूण घालणे धोक्याचे असते. त्याच्यासाठी मागणी आल्यास पातळ दुपटेच द्यावे. देण्याचा समारंभ करू नये. रुग्णाचे छायाचित्र त्याच्या खाटेपाशी काढणे तर सर्वथा वर्ज्य मानावे. वाकळीवर शाळेचे नाव मोठ्या अक्षरांत घालण्याचीही गरज नाही. ती घरी गेल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांस आजाराची जाहिरात होते. मुलांची नावे आपापल्या चौकटीच्या कडेस बारीक टाक्यांत असली म्हणजे झाले. वाचणाऱ्यास तेवढी सापडतात.

वाकळ प्रथम कोपऱ्यांशी विरते, मग काठाशी. यासाठी घडीच्या आत त्याच कापडाची दोन ठिगळे व दोऱ्याची एक लहान गुंडी ठेवावी. सुई ठेवू नये. ती प्रत्येक घरी असते.