मोगऱ्याचे पाणी : पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील परसबागांसाठी

वैशाख शुद्ध पंचमीला डिचोली तालुक्यातील शिरगाव येथे श्री लईराई देवीची जत्रा भरते. व्रतस्थ धोंड गळ्यात मोगऱ्याच्या माळा घालून होमकुंडातून जातात, आणि देवीलाही मोगऱ्याचेच कळे वाहिले जातात. शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण या बहिणी होत, अशी लोकश्रद्धा असल्याने या फुलाला धर्माची सीमाही राहिलेली नाही. जत्रेच्या सुमारास मोगऱ्याला मोठी मागणी असते. मात्र नेमक्या त्याच दिवसांत विहिरींचे पाणी तळाशी गेलेले असते. परसात पंधरा-वीस झुडपे लावून कळे विकणाऱ्या कुटुंबाची वर्षाची जोड याच दोन गोष्टींच्या मेळावर अवलंबून राहते. यास्तव मोगऱ्यास कोणत्या ऋतूत किती पाणी द्यावे, आणि मुख्यतः केव्हा देऊ नये, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

मोगरा (शास्त्रीय नाव जॅस्मिनम सॅम्बॅक) हे अनेक वर्षे टिकणारे झुडूप होय. त्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्यावर धरते. जुन्या फांद्या कितीही दाट असल्या तरी नवी पालवी फुटल्याशिवाय बहर येत नाही. ही गोष्ट एकदा ध्यानी घेतली म्हणजे पाण्याचे सारे वेळापत्रक आपोआप उलगडते.

आपल्याकडे वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. एक मीटर रुंदीच्या आळ्याचे क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटरहून किंचित अधिक भरते. एवढ्या जागेवर पावसाळ्यात दोन हजार लिटरांहून अधिक पाणी कोसळते. याउलट फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत त्याच झुडपाला दिवसाला सरासरी चार लिटर, म्हणजे एकूण पाचशे लिटरांच्या आत पाणी पुरते. अर्थात निसर्ग चार महिन्यांत जे ओततो त्याच्या चतुर्थांशावर उन्हाळा निभावतो. आमच्या मते, या भागात मोगरा तहानेने मरण्यापेक्षा मुळाशी पाणी साचून कुजण्याचे भय अधिक आहे. पाने पिवळी पडू लागली की पुष्कळजण आणखी एक कळशी ओततात. पावसाळ्यात आणि चिकण जमिनीत पिवळेपणाचे कारण बहुधा गुदमरलेली मुळे हेच असते.

म्हणून मृगापूर्वी आळे मोडून बुंध्याशी मातीची भर घालावी आणि उताराच्या दिशेने वीतभर खोल चर काढावा. डिचोली तालुक्यात काही ठिकाणी खाणीवरून वाहून आलेला गाळ परसात बसलेला आहे. तो ओला असता चिकट व वाळला असता दगडासारखा होतो. तेथे शेणखत, पालापाचोळा व थोडी रेव मिसळून उंच वाफ्यावरच लागवड करणे इष्ट. नवी छाट कलमे लावण्यास हाच काळ योग्य असला तरी त्यांच्यासाठीही जागा निचऱ्याचीच हवी.

सप्टेंबरअखेर पाऊस ओसरतो आणि ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो. चार महिने ओलाव्यात वाढलेली मुळे वरच्या थरात राहिलेली असतात, त्यामुळे एकाएकी कोरड पडली तर झाड मलूल होते. या महिन्यात तण काढून, माती हलकी करून आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे.

यापुढचा काळ सर्वांत महत्त्वाचा, आणि बहुतेक परसांत तोच दुर्लक्षिला जातो. नोव्हेंबरच्या अखेरीपासून पाणी हळूहळू तोडावे. यास बागायतदार ताण देणे म्हणतात. जांभ्याच्या तांबड्या जमिनीत साधारण दोन ते तीन आठवडे आणि पेडण्याच्या किनाऱ्यावरील रेताड जमिनीत आठ-दहा दिवस ताण पुरे होतो. खालची पाने पिवळी होऊन गळू लागली म्हणजे ताण बसला असे समजावे. कोवळ्या फांद्यांचे शेंडे सुरकुतू लागले तर तो अति झाला. त्यानंतर झुडूप जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटावे, रोगट व वाळक्या काड्या काढून टाकाव्यात, आळे पुन्हा बांधावे, प्रत्येक झाडास सुमारे दहा किलो कुजलेले शेणखत घालावे आणि मगच पहिले भरघोस पाणी सोडावे. विश्रांती घेतलेले झाड या पाण्याने जागे होते व सर्व बाजूंनी एकदम फुटते. ज्या घरी डिसेंबरातही प्रेमाने रोज पाणी घातले जाते, तेथे पाने हिरवीगार असतात, पण कळे तुरळक आणि मागेपुढे येतात. माळ ओवण्याइतके एका दिवशी मिळत नाहीत.

छाटणीपासून भरगच्च कळी येईपर्यंत अडीच ते तीन महिने लागतात. जत्रेचा दिवस तिथीने ठरत असल्याने इंग्रजी तारीख बदलत राहते : २०२४ मध्ये ती १२ मे होती, तर २०२५ मध्ये २ मे. यासाठी पंचांग पाहून त्या दिवसापासून तीन महिने मागे मोजावे. सर्व झुडपे एकाच वेळी छाटू नयेत. निम्मी डिसेंबरात छाटल्यास मार्चपासून नित्याची विक्री सुरू होते. उरलेली निम्मी या हिशेबाने मागाहून छाटावीत. मात्र त्यांचा ताणही त्याच प्रमाणात पुढे ढकलावा.

पालवी फुटल्यापासून मेअखेरपर्यंत पाण्यात खंड पडू देऊ नये. कळी धरल्यावर झाड कोरडे पडले तर कळ्या बारीक राहतात व गळतात. जांभ्याच्या जमिनीत तिसऱ्या दिवशी बारा लिटर, म्हणजे एक मोठी कळशी, असे प्रमाण धरावे. मोरजी, मांद्रे, हरमल या गावांच्या रेतीत एवढे पाणी एकदम घातले तर ते मुळांखाली निघून जाते. तेथे रोज चार लिटर देणेच हिताचे. पाणी सकाळी, कळे खुडून झाल्यावर द्यावे. ते बुंध्यावर न ओतता आळ्याच्या कडेने सोडावे, कारण पाणी शोषणारी बारीक मुळे तेथे असतात.

पाणी कमी असेल तर आच्छादनासारखा दुसरा उपाय नाही. पातेरा, भाताचा पेंढा किंवा नारळाची सोडणे आळ्यात पसरावीत. सोडणे खोलगट बाजू वर ठेवून आळ्याच्या कडेने पुरल्यास ती ओल धरून ठेवतात. पंचवीस झुडपांना दिवसाला शंभर लिटर पाणी लागते, आणि विहीर आटत असता प्रत्येक वाचलेली कळशी घराच्या पिण्याच्या पाण्यात जमा होते. डिचोलीतील खाणपट्ट्यात हा हिशेब अधिक कठीण आहे. खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की लगतच्या विहिरींचे पाणी तिकडे ओढले जाते. अशा वाड्यांवर झुडपांची संख्या मार्चमधील नव्हे, तर मेमधील विहिरीचे पाणी पाहून ठरवावी. तिळारी प्रकल्पाच्या कालव्याचे पाणी ज्यांना मिळते त्यांनीही कालवा दुरुस्तीसाठी बंद राहील त्या दिवसांकरिता टाकीत थोडा साठा ठेवावा.

खाडीलगतच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. पानांच्या कडा करपू लागल्या व मातीवर पांढरी खपली दिसली तर ते पाणी मोगऱ्यास देऊ नये. भांडी घासल्याचे साबणाचे पाणीही चालत नाही. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी मात्र निःशंक घालावे.

शाळांच्या बागांची अडचण निराळी. उन्हाळी सुटीत पाणी घालण्यास कोणी नसते, आणि वर्षभर मुलांनी जोपासलेली झाडे सुकतात. शिक्षकांनी प्रत्येक दोन झुडपांमध्ये न झिलई दिलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ते पाण्याने भरावे व वर झाकण ठेवावे. मडक्यातून पाणी सावकाश पाझरते. आठवड्यातून एक-दोनदा मडकी भरण्याचे काम शेजारच्या घरावर सोपविता येते. मे संपता संपता ही मडकी काढून घ्यावीत, नाहीतर पावसाळ्यात तीच मुळांशी पाणी धरून ठेवतील.