खाणीतली हिरवी भाजी

आमच्या गावाबाहेरची दगडाची जुनी खाण कारखान्यांची राख आणि गाळ टाकून बुजवली गेली. पुढे कुणीतरी तिथे वाफे केले. पालक, माठ जोमाने आला. अम्मी ती स्वस्त भाजी आणायची, तीन पाण्यांनी धुवायची. धुतल्याने धूळ जाते. पानात मुरलेला धातू जात नाही, हे मला फार उशिरा कळले.

मुळांना जस्त हवे असते. कॅडमियम जस्ताच्याच जातकुळीचे, म्हणून तेही त्याच दाराने आत शिरते आणि पानांत साठते. आपल्या पोटात गेले की मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साचत राहते. शिसे मात्र बहुतेक मुळांतच अडकते.

झाडांची हीच खोड उपयोगीही पडते. जुन्या भिंतींच्या चुन्यात उगवणारा टेरिस व्हिटाटा हा नेचा मातीतले आर्सेनिक पानांत ओढून घेतो, हे फ्लोरिडातल्या शास्त्रज्ञांनी २००१ साली दाखवले. पण असा नेचा कापून गुरांना घातला किंवा खतात टाकला, तर विष फिरून आपल्याकडेच येणार.

तेव्हा मित्रहो, हिरवे दिसले म्हणजे माती बरी झाली असे समजू नका. खतासाठीच्या नेहमीच्या माती परीक्षणात कॅडमियम, शिसे पाहत नाहीत. ती तपासणी वेगळी मागून घ्यावी लागते. बुजवलेल्या खाणीवर भाजी लावण्याआधी ती जरूर मागा.